आधी गच्ची, मग यंत्र : महापालिकांच्या म्हाताऱ्या इमारतींचा आढावा

महापालिकेच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर मे महिन्यात चढले, की तिच्या दुरुस्त्यांचा सारा इतिहास थराथरांनी समोर येतो. तळाशी मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा. तो गळू लागल्यावर त्यावरच घातलेला दुसरा कोबा. त्यावर डांबरी मेम्ब्रेन, तिचे सांधे सुटलेले. कडेला पाण्याच्या टाक्या आणि मधे एसीची बाहेरची युनिट्स; काही चालू, काही केव्हाच बंद पडलेली, पण जागची न हललेली. त्यांचे लोखंडी पाय बसवायला मेम्ब्रेनमधून बोल्ट ठोकलेले असतात, तांब्याच्या नळ्या नेण्यासाठी कठड्याला भोके पाडलेली असतात, आणि एसीचे ठिबकणारे पाणी पन्हळीपर्यंत न नेता तिथेच सोडलेले असते. पावसाळा तोंडावर आला की या सगळ्यावर ताडपत्री पसरते.

या इमारतीचे छत स्थापत्य विभागाकडे असते आणि यंत्रे विद्युत विभागाकडे. दोघांची अंदाजपत्रकातली शीर्षे वेगळी, निविदा वेगळ्या, ठेकेदार वेगळे. एकाने वॉटरप्रूफिंग पुरे केले की काही महिन्यांत दुसऱ्याची माणसे त्यात भोके पाडायला येतात. छत आणि थंड-गरम करणारी यंत्रणा साधारण बरोबरच म्हातारी होते, एकमेकांना खराब करते आणि तरीही वेगवेगळी दुरुस्त होते. हा प्रश्न न सुटण्याचे मुख्य कारण इथे आहे. वेगवेगळ्या शहरांनी तो कसा हाताळला हे पाहिले, तर कामाचा योग्य क्रमही सापडतो : आधी छत आणि सावली, मग पंखे-दिवे आणि वायरिंग, आणि सर्वांत शेवटी नवे यंत्र.

टाळलेल्या दुरुस्तीची किंमत

श्रीमंत देशांतल्या सार्वजनिक इमारतीही या दुखण्यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने जून २०२० मध्ये सार्वजनिक शाळांच्या इमारतींचा अहवाल दिला. त्यानुसार ४१ टक्के शालेय जिल्ह्यांना आपल्या निदान निम्म्या शाळांमधली तापवण्याची, थंड करण्याची आणि हवा खेळवण्याची यंत्रणा बदलावी किंवा सुधारावी लागणार होती. देशभरात अशा सुमारे ३६,००० शाळा निघाल्या. गळक्या यंत्रणेमुळे फरशा आणि छताच्या आतल्या बाजूच्या टाइल्स खराब झाल्याचेही तपासनीसांना काही ठिकाणी आढळले. यंत्र आणि इमारत एकमेकांना कशी पोखरतात, त्याची ही सरकारी नोंद आहे.

त्याच्या दोन वर्षे आधी, जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत बाल्टिमोर शहरातल्या शाळांचे जुने बॉयलर आणि नळ एकामागून एक निकामी झाले. सुमारे साठ शाळांतून उष्णता नसल्याच्या तक्रारी आल्या, मुले अंगावर कोट घालून वर्गात बसली आणि अखेर शहराला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. याच शहरातल्या एसी नसलेल्या शाळा उन्हाळ्याच्या दिवसांत लवकर सोडाव्या लागत.

ब्रिटनमध्ये घात छताने केला. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या शाळा, रुग्णालये आणि न्यायालये बांधताना ‘राक’ नावाचे हलके, बुडबुडेदार काँक्रीट छतासाठी सर्रास वापरले गेले. ते स्वस्त होते, उचलायला सोपे होते, आणि पाणी मुरले की कमकुवत होत होते. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचे छत कोसळले. सुट्टीचा दिवस असल्याने मुले वाचली. त्यानंतर इशारे दिले गेले, पाहण्या झाल्या, पण निर्णय रेंगाळला. शेवटी ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, नवे सत्र सुरू होण्याच्या तोंडावर, शंभराहून अधिक शाळांना इमारतींचे धोकादायक भाग तातडीने बंद करायला सांगावे लागले. जे काम आखून सुट्टीत करता आले असते, ते तंबू आणि तात्पुरत्या खोल्या उभारून करायची वेळ आली.

महाराष्ट्रात ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमातले कलम ३५३-ब आणि इतर शहरांसाठीच्या अधिनियमातले कलम २६५-अ यांच्या आधारे महापालिका खासगी सोसायट्यांना नोटिसा पाठवतात. हाच नियम शाळा, दवाखाने, मंडया, नाट्यगृहे आणि प्रभाग कार्यालये यांना काटेकोरपणे लावून प्रत्येक इमारतीचा अहवाल नागरिकांपुढे ठेवणे ही दुरुस्तीची खरी सुरुवात ठरेल.

पाणी आत शिरल्यावर

गळती म्हणजे भिंतीवरचा ओलावा आणि रंगाचे पापुद्रे, अशी समजूत असते. धोका त्याच्या आत असतो. पाणी स्लॅबमध्ये झिरपले की लोखंडी सळईला गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. तो आतून काँक्रीटला रेटतो, भेगा पडतात, भेगांतून आणखी पाणी जाते, आणि एके दिवशी छताचा तुकडा खाली येतो. त्याच ओल्या स्लॅबमधून विजेच्या वायरींचे पाइप गेलेले असतात.

यावर वर्षानुवर्षे होणारा उपाय म्हणजे आणखी एक थर. विटांच्या तुकड्यांचा कोबा हा मुंबई-पुण्याकडचा जुना, चांगला प्रकार आहे. नीट उतार देऊन घातला तर तो पाणीही काढतो आणि थोडी उष्णताही अडवतो. पण त्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जाते. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर जुना थर न काढता दुसरा घातला, तर आधीच गंजलेल्या सळयांवर आणखी शंभर टन भार चढतो. म्हणून छताचे काम सुरू होण्यापूर्वी थर खरवडून मूळ स्लॅब उघडा करणे, सळया तपासणे आणि मगच नवे वॉटरप्रूफिंग करणे याला पर्याय नाही. काम झाल्यावर गच्चीत दोन-तीन दिवस पाणी कोंडून खालून पाहणे, ही गवंड्यांची जुनी कसोटी आजही सर्वांत भरवशाची आहे. ती पार पडेपर्यंत ठेकेदाराचे अंतिम बिल थांबवले पाहिजे.

सिमेंटच्या पत्र्यांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. मंडया, गोदामे, शाळांच्या जुन्या शेड यांवर असलेल्या अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. ॲस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांमुळे कर्करोग होतो, ही जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. अखंड पत्र्यापेक्षा तो फोडताना, कापताना, वरून फेकताना उडणारी धूळ जास्त घातक असते. त्यामुळे असे छप्पर बदलताना पत्रे ओले करून, न मोडता, एकेक उतरवणे, मजुरांना योग्य मास्क देणे आणि त्या काळात शाळा बंद ठेवणे या अटी निविदेतच हव्यात. उतरवलेला पत्रा दुसऱ्या गरीब वस्तीच्या घरावर जाणार नाही, याची जबाबदारीही महापालिकेचीच आहे.

एकाच इमारतीची दोन छपरे

छत बदलताना उन्हाचाही विचार केला तर काय साधते, याचा सर्वांत बोलका पुरावा शिकागोच्या नगरभवनात आहे. जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात सातशेहून अधिक माणसे दगावली. त्या धक्क्यातून जे उपाय पुढे आले, त्यांत महापौर रिचर्ड डेली यांच्या काळात नगरभवनाच्या छतावर बाग करण्याचे ठरले. २००० साली लागवड सुरू झाली. सुमारे २०,३०० चौरस फुटांवर हलक्या मातीचे थर पसरून दीडशेहून अधिक जातींची झाडे लावण्यात आली.

ही इमारत जोड-इमारत आहे. अर्धी शहराची, अर्धी कुक काउंटीची. बाग शहराच्या अर्ध्यावर झाली आणि काउंटीच्या अर्ध्यावर काळे डांबरी छत तसेच राहिले. ऑगस्ट २००१ मधल्या एका तापलेल्या दुपारी दोन्हींचे तापमान मोजले गेले. बागेच्या पृष्ठभागावर ते जागेनुसार ३३ ते ४८ अंश सेल्सिअस भरले, तर शेजारच्या डांबरी छतावर ७६ अंश. एकाच उन्हाखाली, एकाच उंचीवर, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन छपरांतला हा फरक होता.

भारतातल्या जुन्या स्लॅबवर ओल्या मातीचे ओझे टाकणे बहुतेक ठिकाणी परवडणार नाही. इथे उपाय रंगाचा आहे. साधे जुने काँक्रीट आपल्यावर पडणाऱ्या उन्हापैकी बरेचसे शोषून घेते. चांगला पांढरा परावर्तक थर मोठा हिस्सा परत पाठवतो. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा चायना मोझॅक गुजरात-महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांपासून गच्चीवर बसवला जातो, तो याच तत्त्वावर चालतो आणि रंगापेक्षा कितीतरी अधिक टिकतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे गरीब वस्त्यांची घरे व सरकारी इमारती यांच्या छतांना पांढरा लेप देण्याचा कार्यक्रम त्यात आला. तेलंगणाने २०२३ मध्ये राज्यव्यापी ‘कूल रूफ’ धोरण आणले. सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले आणि २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छते त्याखाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले.

पांढरा लेप हा वॉटरप्रूफिंगला पर्याय नाही, हे मात्र ठासून सांगायला हवे. गळक्या गच्चीवर तो फासला तर पहिल्या पावसाळ्यात फुगे येतात आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पैसे वाहून जातात. धूळ बसली की परावर्तनही घटते, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुण्याचे काम कोणाच्या तरी नावावर हवे.

सौर पॅनेलच्या बाबतीत हा क्रम आणखी महत्त्वाचा ठरतो. पॅनेल पंचवीस वर्षे चालते, डांबरी मेम्ब्रेन दहा-पंधरा. म्हाताऱ्या गच्चीवर पॅनेल चढवले, तर मधेच केव्हातरी सगळी जोडणी उतरवून गळती काढावी लागते आणि वीज तेवढे दिवस बंद राहते. छत आधी नीट केले, तर हीच पॅनेल सावलीही देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये केलेल्या मोजणीत पॅनेलखालच्या भागातले छत उघड्या छतापेक्षा जवळपास तीन अंशांनी थंड आढळले.

किती टन, कशासाठी

यंत्राकडे येताना पहिला प्रश्न असतो क्षमतेचा. वातानुकूलनात एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची ताकद. जुने यंत्र ४० टनांचे होते म्हणून नवेही ४० टनांचेच, असा सरधोपट प्रस्ताव नेहमी येतो. दरम्यान छत पांढरे झाले असेल, पश्चिमेच्या खिडक्यांवर सज्जे आले असतील, दिवे बदलले असतील, तर गरज ४० टनांची उरलेली नसते. मोठे घेतलेले यंत्र किमतीला जास्त पडते, सारखे चालू-बंद होऊन लवकर झिजते आणि हवेतला दमटपणाही नीट काढत नाही.

नाट्यगृहाच्या उदाहरणावरून हा हिशेब स्पष्ट होतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. एक हजार प्रेक्षकांचे नाट्यगृह भरले की केवळ माणसांचीच १०० किलोवॅट उष्णता जमते. तिच्यासाठीच जवळपास २८ टन लागतात. त्यात बाहेरून घ्यावी लागणारी ताजी हवा, तापलेले छप्पर आणि रंगमंचावरचे दिवे मिळवा. हजार वॉटचा एकेक हॅलोजन दिवा म्हणजे चालू शेगडीच असते. तिथे एलईडी आले की विजेची बचत दोनदा होते : दिव्यात एकदा आणि त्याची उष्णता उपसण्यात दुसऱ्यांदा.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत जाहीर चर्चा नाट्यगृहांवरूनच होते, कारण तिथे तक्रार करणाऱ्याला व्यासपीठ असते. मे २०२३ मध्ये रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात वातानुकूलन नसताना प्रयोग करावा लागल्याबद्दल अभिनेते भरत जाधव यांनी प्रेक्षकांची माफी मागितली, आणि इथे पुन्हा प्रयोग करणार नाही, असेही सांगितले. कोकणातल्या मे महिन्यात बंद सभागृहात, जाड पोशाख आणि रंगभूषा करून तीन तास उभे राहणे काय असते, हे नाटकवाल्यांना ठाऊक आहे. भाडे भरणारा निर्माता आणि तिकीट काढणारा प्रेक्षक या दोघांची अपेक्षा रास्त आहे.

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह हा या प्रश्नाचा सर्वांत दुःखद अध्याय. शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आणि पुढे महापालिकेकडे आलेले हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच आणि खुर्च्या गेल्या, दगडी भिंती राहिल्या. शंभर वर्षांच्या वास्तूचे छप्पर, वायरिंग, वातानुकूलन आणि आग ओळखणारी यंत्रणा ही चार खाती वेगवेगळी ठेवण्याची चैन कोणत्याही शहराला परवडत नाही, हे त्या रात्रीनंतर कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको.

वायरिंगचा मुद्दा रुग्णालयांत जीवनमरणाचा होतो. विरारमधल्या एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एसीपासून लागलेल्या आगीत तेराहून अधिक रुग्ण गेले. चाळीस वर्षांपूर्वी पंखे आणि ट्यूबलाइटसाठी ओढलेल्या तारांवर एकेक करत एसी जोडले जातात. प्रत्येक नवा एसी मंजूर होताना त्या तारांची क्षमता कोणी मोजत नाही. शस्त्रक्रियागृहात तर गारवा ही सोय उरत नाही. तिथे हवा तासाला किती वेळा बदलते, गाळून येते का, आत-बाहेरचा दाब कसा आहे, यावर जंतुसंसर्ग ठरतो. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी हे काम करूच शकत नाही. तो आतलीच हवा फिरवतो.

शाळांची गोष्ट वेगळी. महापालिकेच्या बहुतेक शाळा एक-दोन मजली आहेत, म्हणजे वर्गांचा मोठा हिस्सा थेट छताखाली येतो. तिथे एसी बसवण्याआधी पांढरे छत, आरपार वारा, सज्जे आणि चांगले पंखे एवढ्यानेही वर्ग बसण्याजोगा होतो. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. दिवसाला दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. दोनशे पंख्यांच्या इमारतीत २७ हजार.

विदर्भ आणि कोकण यांना एकच निविदा चालणार नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर एसीच्या तुलनेत अगदी थोड्या विजेत उत्तम गारवा देतो. तोच कूलर रत्नागिरीत नुसता दमटपणा वाढवतो. हवामान पाहून यंत्र निवडण्याचे हे शहाणपण विदर्भातल्या घराघरांत आहे. सरकारी दरसूचीतही त्याला जागा हवी.

गॅसचा पेच

जुने एसी बदलण्यामागे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे आतला वायू. विसेक वर्षांपूर्वीच्या बहुतेक यंत्रांत आर-२२ असतो. तो ओझोनच्या थराला छिद्र पाडतो आणि पृथ्वी तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसनशील देशांनी २०३० पर्यंत अशा वायूंचा वापर जवळपास संपवायचा आहे. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापवण्याच्या बाबतीत आर-२२ पेक्षाही जड आहे. आज सर्वत्र दिसणारा आर-३२ त्या मानाने एक तृतीयांशावर आला आहे, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेनचा परिणाम नगण्य आहे. गोदरेजने २०१२ मध्येच भारतात प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी बाजारात आणले होते. माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असल्याने आर-३२ आणि आर-४१०ए यांच्या पिढीलाही पुढे कात्री लागणार आहे.

यातून व्यवहाराच्या दोन गोष्टी निघतात. पंधरा वर्षांच्या यंत्रात दर उन्हाळ्यात गॅस भरत राहणे म्हणजे दुर्मीळ आणि महाग होत जाणारी वस्तू गळक्या भांड्यात ओतणे आहे. आणि आर-३२ वा प्रोपेन जळणारे असल्याने ते जुन्या यंत्रात भरता येत नाहीत. हाताळणाऱ्याला प्रशिक्षण लागते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतन कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञ घडवण्याचे उद्दिष्ट होते, ते यासाठीच. जुने एसी भंगारात काढताना वायू हवेत सोडून न देता यंत्राने काढून घेण्याची अट लिलावाच्या कागदपत्रात असायला हवी. २०२२ च्या ई-कचरा नियमांत एसीचा समावेश आहे, त्यामुळे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच तो गेला पाहिजे.

थंड शहरांचा मार्ग

थंड देशांतल्या नगरपालिकांपुढे दुसरे म्हातारे यंत्र असते, तळघरातला बॉयलर. न्यूयॉर्क शहराने ऑक्टोबर २०२२ मध्ये सार्वजनिक शाळांसाठी चार अब्ज डॉलरचा कार्यक्रम जाहीर केला. जड तेल जाळणारे बॉयलर हटवायचे आणि २०३० पर्यंत शंभर शाळा विजेवर तापवायच्या, असे त्याचे स्वरूप होते. त्यामागे २०१९ चा ‘लोकल लॉ ९७’ हा कायदा आहे. मोठ्या इमारतींच्या उत्सर्जनावर तो मर्यादा घालतो आणि शहराने स्वतःच्या कारभारासाठी २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणायचे आहे.

बॉयलरच्या जागी येणारा हीट पंप म्हणजे उलट-सुलट चालणारा एसीच. तो उष्णता निर्माण करण्याऐवजी हलवतो, म्हणून एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता देऊ शकतो. महाराष्ट्रातल्या इमारतींना खोल्या तापवण्याची गरज नसली, तरी मोठ्या रुग्णालयांना धुलाई, स्वयंपाकघर आणि स्नानगृहांसाठी गरम पाणी रोज लागते, आणि त्याच वेळी शस्त्रक्रियागृहे थंड ठेवावी लागतात. एकीकडून काढलेली उष्णता दुसरीकडे पाण्यात सोडणारे एकच यंत्र अशा ठिकाणी दोन्ही कामे करते.

त्यापुढची पायरी म्हणजे अनेक इमारतींना मिळून एकच शीतन केंद्र. पॅरिसमध्ये १९९१ पासून वाढत गेलेले थंड पाण्याचे जाळे सेन नदीची मदत घेऊन लूव्र संग्रहालयासारख्या वास्तू गार ठेवते. छतावर यंत्रांची गर्दी करावी लागत नाही. भारतात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीने हा प्रयोग केला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमात ठाणे व पुणे या शहरांचीही शक्यता तपासली गेली. नव्या प्रशासकीय संकुलांचे आराखडे करताना हा पर्याय विचारात घ्यायलाच हवा.

पैसा आणि दिनदर्शिका

महापालिकेत सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. एसीच्या बाबतीत खरेदीची किंमत हा एकूण खर्चाचा छोटा भाग आणि वीजबिल हा मोठा. दीड टनाचे एक जुने यंत्र सरासरी १.२ किलोवॅट घेत असेल आणि नवे ०.८, तर वर्षाला दोन हजार तासांच्या वापरात ८०० युनिट वाचतात. दहा रुपये दराने आठ हजार रुपये. म्हणून निविदेत किंमत आणि दहा वर्षांचे वीजबिल यांची बेरीज तपासली पाहिजे, आणि सर्वसमावेशक देखभाल करार खरेदीतच धरला पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या हातात असलेला उपायही मोठा आहे. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, ते याच कारणाने.

भांडवल नसेल तर बचतीतून फेड करण्याचा मार्ग आहे. ईईएसएल या केंद्रीय सार्वजनिक कंपनीने २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाशी सुमारे १,५०० सरकारी इमारतींसाठी असाच करार केला : दिवे, पंखे, एसी कंपनीने बदलायचे आणि वाचलेल्या बिलातून पैसे वसूल करायचे. दिव्या-पंख्यांना ही पद्धत सहज लागू पडते. छताला ती एकटीने लागू पडत नाही, कारण वॉटरप्रूफिंगची बचत वीजबिलात दिसत नाही, स्लॅबच्या आयुष्यात दिसते. त्यामुळे छत आणि यंत्र एकाच प्रकल्पात बांधून, पटकन पैसे परत देणाऱ्या कामांनी हळू परतफेडीच्या कामांना आधार द्यावा लागतो. त्यासाठी स्थापत्य आणि विद्युत विभागांचा एकच संयुक्त प्रस्ताव, आणि दोघांवर जबाबदार असा एक अभियंता हवा.

वेळेचे गणितही जमवायला हवे. अंदाजपत्रक मार्चपर्यंत मंजूर होते, निविदा उन्हाळ्यात निघते, कार्यादेश मिळेपर्यंत जून उजाडतो आणि गच्चीचे काम पावसात अडकते. निविदा पावसाळ्यातच पूर्ण करून कार्यादेश ऑक्टोबरमध्ये दिला, तर छताला सहा कोरडे महिने मिळतात. यंत्रे बदलायला डिसेंबर-जानेवारी योग्य, कारण तेव्हा गारव्यावाचून फारसे अडत नाही. शाळांची कामे मेच्या सुट्टीत, नाट्यगृहांची तारखा आधी जाहीर करून, आणि रुग्णालयांची मजल्यामजल्याने करावी लागतात.

न्यूयॉर्कमध्ये २०२० पासून मोठ्या इमारतींना आपला ऊर्जा-वापराचा दर्जा दारावर अक्षराने लावावा लागतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिका इमारतीच्या दारात असाच एक फलक लावता येईल : छताची शेवटची दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, दोषदायित्वाची मुदत कधी संपते, वायरिंगची तपासणी कधी झाली आणि वर्षाला किती युनिट वीज लागते. वीजबिलात वाचलेली रक्कम त्याच इमारतीच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याची तरतूद अंदाजपत्रकातच करता येते. पुढच्या अर्थसंकल्पात निदान एका शाळेसाठी, एका दवाखान्यासाठी आणि एका नाट्यगृहासाठी छत, वायरिंग आणि यंत्र यांचे एकत्र शीर्ष उघडले, तर तीन वर्षांत इतर इमारतींना लावता येतील असे आकडे त्या शहराच्या स्वतःच्या हातात असतील.